एकसष्ट हजारांची यादी आणि चौदा वर्षांची वॅगन-आर

इंदूरच्या सुदामानगरातून एका शिक्षिका भगिनींनी लिहिले आहे:

«माझ्या वडिलांनी २०११ च्या दसऱ्याला घेतलेली पेट्रोलवरची वॅगन-आर (९९८ सीसी) आता मी चालवते. रोज शाळेत जाऊन-येऊन बारा किलोमीटर, महिन्यातून एकदा उज्जैनला सासरी आणि वर्षातून दोन-तीनदा ओंकारेश्वर, एवढाच तिचा वापर आहे. आजवर ८८,००० किलोमीटर झाले आहेत. सकाळी सुरू केल्यावर मागून निळसर धूर येतो, स्पीडब्रेकरवर पुढे डावीकडे ठकठक होते, क्लच जड झाला आहे आणि मागच्या खेपेस ओंकारेश्वरच्या वाटेवरचा भेरूघाट चढताना जळका वास आला. एसी चालत्या गाडीत बरा असतो, पण सिग्नलवर थांबले की गरम हवा येते आणि इंजिनही तापते. आमच्या मिस्त्रींनी यादी दिली आहे: हाफ इंजिन २८,०००, टायमिंग बेल्ट किट ४,५००, सस्पेन्शन पूर्ण ११,०००, क्लच ६,५००, एसी ८,०००, रेडिएटर आणि कूलंट ३,०००, एकूण ६१,०००. एक्स्चेंजमध्ये गाडीचे ७५,००० मिळत आहेत. मुलगा म्हणतो, पाऊण लाखाच्या गाडीवर साठ हजार घालणे हा वेडेपणा आहे. ऑक्टोबरात नोंदणीची मुदतही संपते. गाडी ठेवावी की देऊन टाकावी?»

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या मुलाची काळजी रास्त आहे, पण त्याने मांडलेला हिशेब मला पटत नाही. ७५,००० रुपये ही दुसऱ्याने तुमच्या गाडीची केलेली किंमत झाली. तुम्हाला मात्र रोजची शाळा, महिन्याचे उज्जैन आणि अधूनमधून ओंकारेश्वर हेच काम दुसऱ्या कोणत्या मार्गाने किती पैशांत होईल, ते पाहायचे आहे. पाच लाखांचे कर्ज नऊ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १०,४०० रुपये बसतो, म्हणजे मिस्त्रींची अख्खी यादी तुमचे सहा हप्ते होते. पाऊण लाखात जुनी गाडी घ्यायची म्हटले, तर तुमच्याच गाडीच्या वयाची, पण जिचा पूर्वेतिहास तुम्हाला ठाऊक नाही अशी गाडी पदरात पडेल. म्हणून खर्च आणि गाडीची बाजारातली किंमत यांची तुलना बाजूला ठेवा. अर्थात याचा अर्थ एकसष्ट हजार मुकाट्याने मोजावेत असाही नाही. ही यादी सरसकट स्वीकारण्याजोगी नाही आणि सरसकट नाकारण्याजोगीही नाही. ती फोडून एकेक ओळ तपासावी लागेल, कारण तिच्यात सुक्याबरोबर ओलेही जळते आहे.

पहिली खटकणारी ओळ टायमिंग बेल्टची आहे. तुमच्या गाडीत मारुतीचे के-सिरीजचे तीन सिलिंडरांचे इंजिन आहे आणि त्यात टायमिंग बेल्ट नसतो, टायमिंग चेन असते. २०१० च्या आधीच्या वॅगन-आरमध्ये १०६१ सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन होते. त्याला रबरी बेल्ट असे आणि तो ठरावीक अंतरानंतर बदलावाच लागे. मिस्त्रींनी जुन्या मॉडेलच्या सवयीने हे लिहिले असण्याची शक्यता मोठी आहे, त्यामुळे त्यांच्या हेतूबद्दल लगेच शंका घेऊ नका. अल्टरनेटरचा आणि एसीचा बाहेरचा बेल्ट त्यांना अभिप्रेत आहे का, हे सरळ विचारा. तो बेल्ट बदलायला हरकत नाही, पण मजुरी धरूनही त्याचा खर्च हजार-दीड हजारांच्या पुढे जात नाही. चेन वेळच्या वेळी तेल बदललेल्या इंजिनात दीर्घकाळ टिकते. ती सैल झाली असेल, तर सकाळी इंजिन सुरू होताच पहिले काही क्षण पुढच्या बाजूने खळखळ असा धातूचा आवाज येतो. असा आवाज तुमच्या पत्रात नाही, म्हणून ही ओळ तूर्तास खोडावी.

आता सर्वांत मोठी ओळ: हाफ इंजिन, २८,००० रुपये. या कामात इंजिन उघडून पिस्टनच्या रिंगा, बेअरिंग आणि व्हॉल्व्हचे काम केले जाते. निळसर धूर म्हणजे इंजिनचे तेल जळते आहे, हे मिस्त्रींचे निदान बरोबरच आहे. परंतु तेल सिलिंडरमध्ये कोणत्या वाटेने उतरते, यावर खर्च ठरतो आणि धूर केव्हा येतो यावरून ती वाट बरीचशी कळते. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू करताच निळा भपका येऊन मिनिटा-दोन मिनिटांत विरत असेल, तर व्हॉल्व्हच्या दांड्यांवर बसवलेली रबराची सीले कडक झाली आहेत. रात्रभर वरचे तेल थेंबथेंब खाली झिरपते आणि पहिल्या फटक्यात जळते. याउलट गाडी तापल्यावर, चढावर किंवा जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर मागे निळा पडदा दिसत असेल, तर रिंगा किंवा सिलिंडरची भिंत झिजली असण्याची शक्यता बळावते. तुम्ही फक्त सकाळचा धूर लिहिला आहे. उज्जैनच्या रस्त्यावर मागून येणाऱ्या गाडीतल्या कोणाला तरी वाटेत लक्ष ठेवायला सांगा. तेवढ्याने अर्धा प्रश्न सुटेल.

त्यातही सीलांच्या आधी आणखी एक स्वस्त गोष्ट पाहून घ्यावी. इंजिनच्या पोटातील वाफा परत हवेच्या मार्गात ओढून घेणारा एक लहानसा व्हॉल्व्ह असतो, त्याला पीसीव्ही व्हॉल्व्ह म्हणतात. रोज पाच-सहा किलोमीटर एवढ्याच फेऱ्या करणाऱ्या गाडीत इंजिन पुरते तापत नाही, ओलावा आणि तेल मिळून चिकट मळी धरते आणि हा व्हॉल्व्ह तुंबतो किंवा उघडाच अडकून राहतो. मग तेल थेट त्या हवेच्या मार्गात ओढले जाते. तो बदलायला काही शे रुपये लागतात. तुमचा वापर पाहता मी सुरुवात येथूनच करीन.

यानंतर कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासून घ्या. इंजिन तापवून तिन्ही स्पार्क प्लग काढतात, एकेका सिलिंडरला दाबमापक लावतात आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवतात. पाचशे-सातशे रुपयांत, अर्ध्या तासात हे काम होते आणि अठ्ठावीस हजारांचा निर्णय त्यावर घेता येतो. तिन्ही आकडे एकमेकांच्या जवळ असावेत. एखादा आकडा इतरांपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांहून खाली असेल, तर त्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजायला सांगा. दाब वाढला, तर रिंगा झिजल्या आहेत, कारण तेलाने तात्पुरती फट बुजवली. दाब तेवढाच राहिला, तर दोष व्हॉल्व्हमध्ये आहे. हे आकडे कागदावर लिहून घ्या आणि त्यांवर तारीख व किलोमीटर टाका. माझ्या पाहण्यातल्या या जातीच्या इंजिनांनी वेळेवर तेल बदलल्यास दीड लाख किलोमीटर न उघडता सहज पार केले आहेत. ८८,००० ला रिंगा गेल्या असतील, तर त्याचे काही कारण असावे लागेल, उदाहरणार्थ कधीतरी तेल कमी पडून गाडी तशीच चालली किंवा वारंवार तापली. तापण्याची तक्रार तुमच्या पत्रात आहे, म्हणूनच मी चाचणीवर एवढा भर देतो आहे.

कंप्रेशन ठीक निघाले, तर हाफ इंजिनचे काम करू नये. सीले बदलणे हा मर्यादित उपाय आहे: तीन सिलिंडरांचे मिळून बारा व्हॉल्व्ह, त्यांची बारा सीले. सीलांची किंमत थोडी, मजुरी जास्त. हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवावे लागले तर त्याखालची गॅस्केट धरून एकूण सात ते दहा हजार. तेही लगेच करायला हवे असे नाही. समतल जागी, सकाळी, थंड इंजिनात डिपस्टिकवरची (तेल मोजण्याच्या पट्टीवरची) पातळी पाहून ठेवा आणि हजार किलोमीटरनंतर पुन्हा पाहा. अर्ध्या लिटरच्या आत तेल जात असेल, तर पाव-अर्धा लिटर वरून भरत गाडी खुशाल चालवता येते. फक्त पातळी खालच्या खुणेच्या खाली कधीही जाऊ देऊ नका. त्याहून जास्त तेल जात असेल, तर सीले बदला, कारण जळलेले तेल एक्झॉस्टमधील धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करते आणि तो भाग महाग आहे.

एसी आणि रेडिएटर या दोन ओळी मिळून अकरा हजारांच्या आहेत. तुमच्या पत्रातील एक वाक्य मला येथे फार मोलाचे वाटले: एसी चालत्या गाडीत बरा असतो आणि सिग्नलवर बिघडतो, त्याच वेळी इंजिनही तापते. गॅस बराच कमी असता, तर एसी चालत्या गाडीतही धड थंड झाला नसता. गाडी धावत असताना समोरून वारा मिळतो. ती थांबली की कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) आणि रेडिएटर या दोघांना पंख्याच्याच वाऱ्याचा आधार उरतो. पंखा मंद फिरत असेल, त्याला वीज देणारा स्विच, म्हणजे रिले, अडखळत असेल किंवा कंडेन्सरच्या बारीक जाळीत धूळ आणि किडे चिकटून ती बुजली असेल, तर दोन्ही तक्रारी एकदमच येतात. शिवाय इंजिन प्रमाणाबाहेर तापू लागले, की गाडीतला संगणक एसीचा कॉम्प्रेसर आपणहून बंद करतो, म्हणून गरम हवा. म्हणजे या ओळी दोन दिसत असल्या, तरी आजार बहुधा एकच आहे.

घरच्या घरी एवढे पाहा: गाडी न्यूट्रलमध्ये उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन आणि एसी सुरू करून बॉनेट उघडा. थोड्या वेळात पंखा जोरात फिरू लागला पाहिजे. ओढणी किंवा साडीचा पदर खोचून घ्या आणि हात पंख्यापासून लांब ठेवा. तो कोणत्याही क्षणी सुरू होतो. फिरलाच नाही, किंवा घरघरत सावकाश फिरला, तर चोर सापडला. पंख्याची मोटर दोन-तीन हजारांत, रिले दोन-तीनशेत आणि कंडेन्सर-रेडिएटरची बाहेरून हलक्या दाबाच्या पाण्याने सफाई चारपाचशेत होते. पाण्याचा झोत जोरात मारू देऊ नका, नाजूक पत्री वाकून जाळी कायमची बंद होते. पंखा ठीक असूनही गाडी तापत असेल, तर थर्मोस्टॅट, रेडिएटरचे झाकण आणि वॉटर पंप या क्रमाने पाहावे. एसीचा गॅस मापून भरण्याचे काम यानंतरचे. गळती न शोधता दर उन्हाळ्यात गॅस भरणे म्हणजे दीड-दोन हजार रुपये वाऱ्यावर सोडणे होय.

कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, याबद्दल मी आग्रही आहे. नर्मदेचे असो की बोअरिंगचे, नळाचे पाणी रेडिएटरात जाता कामा नये. त्यातील क्षार आत थर धरतात आणि अ‍ॅल्युमिनियम खातात. कूलंट तयार मिश्रणाचे घ्यावे किंवा डिस्टिल्ड पाण्यात सांगितलेल्या प्रमाणात मिसळावे. पूर्ण बदलायला हजाराच्या आसपास खर्च येतो. जुने कूलंट काढताना ते गंजकट तपकिरी आहे का आणि त्यावर तेलाचा तवंग आहे का, ते स्वतः उभे राहून पाहा. तवंग असेल, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी लागेल. तेलाच्या झाकणाखाली थोडी दुधट मळी दिसली, तर मात्र लगेच घाबरू नका. थंडीत लहान फेऱ्या करणाऱ्या गाडीत ती नुसत्या ओलाव्यानेही साचते. गरम इंजिनात रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. आणि हे काम होईपर्यंत ओंकारेश्वरला जाऊ नका, कारण भेरूघाटात तापलेली गाडी तशीच ओढली, तर आजचा तीन-चार हजारांचा खर्च हेड वाकून खरोखरच वीस-पंचवीस हजारांवर जाईल. सगळ्या यादीत पहिला क्रमांक याच कामाचा आहे.

क्लचबाबत जडपणा आणि जळका वास ही दोन वेगळी लक्षणे आहेत. तुमच्या गाडीचा क्लच केबलने चालतो. केबल आतून गंजली किंवा तिचे तंतू सुटू लागले, की पेडल जड होते. केबल बदलायला मजुरीसकट सात-आठशे रुपये पुरतात. वास हा प्लेट घसरल्याचा असतो, पण घाटात पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये अर्धा क्लच दाबून गाडी धरून ठेवली, तर चांगली प्लेटही जळका वास देते. खात्री करायची असेल, तर मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गियरमध्ये चाळीसच्या वेगाने जाताना अ‍ॅक्सिलरेटर झटकन दाबा. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग मात्र त्या मानाने वाढला नाही, तर प्लेट गेली. मग प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हा पूर्ण संच एकदमच बदलावा, कारण मजुरी गिअरबॉक्स उतरवण्याची असते आणि ती दोनदा देण्यात शहाणपण नाही. त्या कामाला सांगितलेले ६,५०० रुपये मला वाजवी वाटतात. चाचणी न करता मात्र ते देऊ नका.

डावीकडची ठकठक खरी आहे आणि ती लांबणीवर टाकू नये. आपल्याकडे डावे चाक रस्त्याच्या कडेच्या खड्ड्यांत जास्त वेळा जाते, त्यामुळे बहुतेक गाड्यांची डावी बाजू आधी बोलू लागते. परंतु «सस्पेन्शन पूर्ण» ही ओळ फार मोघम आहे. गाडी जॅकवर उचलून चाक वरखाली धरून हलवले आणि ते खुळखुळले, तर बॉल जॉइंट किंवा चाकाचे बेअरिंग गेलेले असते. डावे-उजवे धरून हलवल्यावर खेळ जाणवला, तर टाय रॉड एंड किंवा स्टिअरिंग रॅक. लोअर आर्मच्या बुशांना चिरा पडल्या आहेत का, ते टॉर्चच्या उजेडात दिसते. शॉकअ‍ॅब्सॉर्बरवर तेल ओघळलेले नसेल आणि कोपरा दाबून सोडल्यावर गाडी एकदाच वर येऊन स्थिर होत असेल, तर शॉकअ‍ॅब्सॉर्बर अजून चालतील. दोन्ही लोअर आर्म, वरचे माउंट आणि टाय रॉड एंड एवढेच बदलावे लागले, तर व्हील अलाइनमेंट धरून पाच-साडेपाच हजारांत काम होते. शॉकअ‍ॅब्सॉर्बर बदलावे लागले, तर जोडीनेच बदला. मग मिस्त्रींचा अकरा हजारांचा आकडा जवळजवळ बरोबर ठरेल.

आता यादीत नसलेल्या, पण मला अधिक अस्वस्थ करणाऱ्या गोष्टी. कमी चालणाऱ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, वयाने मरतात. टायरच्या बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३१८ असेल, तर तो टायर २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी कितीही चांगली दिसली, तरी सहा-सात वर्षांनंतर रबर कडक होऊन पावसात पकड सोडते आणि बाजूला बारीक भेगा पडतात. चारही टायर जुने निघाले, तर तेरा-चौदा हजार लागतील आणि ते एसीच्या आधी लागतील. ब्रेकचे द्रव दोन वर्षांत एकदा बदलायला हवे, कारण ते हवेतील ओलावा शोषते आणि घाट उतरताना ब्रेक तापले, की त्यातील पाण्याची वाफ होऊन पेडल खाली जाते. पॅड, मागच्या ड्रमची सफाई आणि द्रव मिळून दोन-अडीच हजार धरा. पेट्रोलच्या रबरी नळ्याही एकदा पाहून घ्या. आता पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि २०११ च्या गाडीतील रबर त्याच्यासाठी बनवलेले नव्हते. घाबरण्याचे कारण नाही, मायलेज थोडे उतरेल. पण फुगलेली, चिरलेली किंवा पेट्रोलचा वास देणारी नळी दिसली, तर त्याच दिवशी बदला.

हे सगळे दुरुस्त होण्याजोगे आहे. गाडी ठेवायची की नाही, याचा निर्णय मी इंजिनावर नव्हे, पत्र्यावर करीन. इंजिन पैशांनी नवे करता येते, पण सडलेल्या सांगाड्यावर केलेला खर्च वाया जातो आणि अपघातात तो सांगाडा माणसाला वाचवत नाही. गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहा: दारांखालचे लांब पट्टे, मागच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या जागा, स्टेपनीचा खळगा आणि बॉनेटखाली पुढच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरचे माथे. आतील मॅटिंग उचलून अंगठ्याने दाबून पाहा. ओल, कुबट वास किंवा पापुद्रे असतील, तर दाराच्या रबरातून किंवा एसीच्या नळीतून पाणी आत येते आहे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पत्रा हलकेच ठोका. खणखणीत आवाज चांगला, भद्द आवाज आला, तर आत गंज आहे. वरवरचा तपकिरी थर घासून रंगवता येतो. पण शॉकअ‍ॅब्सॉर्बर जेथे बांधलेले असतात, तेथे पत्रा खाल्लेला असेल किंवा पट्ट्यात बोट जाईल एवढे भोक असेल, तर पाऊण लाख घ्या आणि गाडी द्या, मग कंप्रेशन कितीही चांगले असो.

पत्रा चांगला असेल, तर माझ्या अंदाजाने तुमचा खर्च असा उतरेल: पीसीव्ही व्हॉल्व्ह, प्लग, तेल आणि फिल्टर मिळून तीन हजार, पंखा, सफाई आणि कूलंट चार-पाच हजार, क्लच केबल, किंवा संच लागला तर साडेसहा हजार, पुढचे सस्पेन्शन साडेपाच हजार, ब्रेक अडीच हजार. संच धरूनही हे बावीस-तेवीस हजार होतात. टायर घ्यावे लागले, तर छत्तीस हजारांच्या आसपास आणि पुढेमागे सीले करावी लागली, तरी पंचेचाळीस हजारांच्या फारसे पुढे जाणार नाही. हे इंदूरमधील खासगी गॅरेजचे ढोबळ आकडे आहेत. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये मजुरी अधिक लागते. मात्र तेवीस हजारांत पहिल्या महिन्यात सगळे उरकण्याचीही गरज नाही. तापणे आणि ब्रेक आधी, सस्पेन्शन व टायर पावसाळ्यापूर्वी, क्लच त्यानंतर, असा क्रम ठेवा.

मिस्त्री बदलू नका, एवढे सांगेन. जो माणूस गाडी वर्षानुवर्षे पाहतो, त्याला तिची खोड ठाऊक असते. फक्त त्यांच्याकडून सुट्या भागांची किंमत आणि मजुरी वेगवेगळ्या ओळींत लिहून घ्या, भाग कंपनीचा की लोकल ते लिहायला सांगा आणि काढलेले जुने भाग परत मागा. कंपनीच्या भागाच्या खोक्यावर छापील किंमत असते, ती बिलाशी ताडून पाहता येते. लोअर आर्म, ब्रेक आणि क्लच यांत लोकल माल घेऊ नका. आरसा, दाराची मूठ किंवा चिखलपट्टा लोकल घेतला, तरी चालेल. «काका, आधी पंखा आणि पीसीव्ही पाहू, कंप्रेशन मोजू, मग इंजिनचे बोलू» असे मोकळेपणाने म्हणा; प्रामाणिक मिस्त्रीला त्याचा राग येत नाही.

नोंदणीचे असे आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर तपासणी करून ती पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले आहे. अर्ज नमुना २५ मध्ये, मुदत संपण्याच्या आधीच्या साठ दिवसांत करता येतो. म्हणजे तुम्हाला ऑगस्टात नायता मुंडला येथील परिवहन कार्यालयाचे काम सुरू करायला हवे. उशीर झाला, तर महिन्यागणिक जादा रक्कम भरावी लागते. तपासणीला जाताना दिवे, हॉर्न, वायपर, नंबरपट्टी, पीयूसी आणि विमा चालू असावा. पीयूसीच्या जुन्या पावत्या असतील, तर त्यांवरील कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनचे आकडे आताच्या आकड्यांशी ताडून पाहा. ते वर्षागणिक चढत असतील, तर सीलांचे काम ऑगस्टापूर्वी उरकावे. विम्यात तृतीयपक्षाचा भाग सक्तीचा आहे. हजार सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीसाठी २०२२ मध्ये ठरलेला दर २,०९४ रुपये आणि त्यावर जीएसटी असा आहे. तुमच्या गाडीचे ९९८ सीसी असल्यामुळे ती या खालच्या टप्प्यात बसते.

पत्र्याने घात केला आणि गाडी द्यावीच लागली, तर केवळ किल्ली देऊन मोकळ्या होऊ नका. नोंदणी दुसऱ्याच्या नावावर होईपर्यंत गाडीच्या अपघाताची आणि दंडाची जबाबदारी मूळ मालकाकडे येऊ शकते. अधिकृत विक्रेत्याकडे देत असाल, तर नमुना २९-सी भरून गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद परिवहन खात्याकडे करता येते. व्यक्तीला विकत असाल, तर मालकी बदलाचे नमुना २९ आणि ३० तुमच्या डोळ्यांसमोर भरले जाऊ देत. तुमच्या गाडीची नोंदणी अजून वडिलांच्याच नावावर असेल, तर ती तुमच्या नावावर करून घेण्याचे काम आधी उरकावे लागेल, मग गाडी ठेवा की विका. मोडीत काढायची झाल्यास नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्राकडून ठेव प्रमाणपत्र घ्या. त्यावर नव्या खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे.

या आठवड्यात पंखा पाहा आणि गाडी लिफ्टवर चढवा. कंप्रेशनचे तीन आकडे, टायरवरचे चार आकडे आणि मागच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या जागेचा एक फोटो मला पाठवा. पंखा ठीक निघून गाडी तरीही तापत असेल, तर तेही लिहा, कारण मग वॉटर पंप आणि हेड गॅस्केट यांचा विचार करावा लागेल आणि वर दिलेला खर्चाचा अंदाज नव्याने मांडावा लागेल.